भवानीचा खोळंबा

शर्टाच्या कफावर माशाचा खवला होता. बांगड्याचा असावा — बारीक, वाळून कडक झालेला, उन्हात तिरका धरला की निळसर आणि सरळ धरला की काहीच नाही, नुसता डाग. आनंदाने तो नखाने खरवडला, निघाला नाही. बोट ओलं करून खरवडला तेव्हा निघाला आणि बोटालाच चिकटला, आणि आता हे बोट पुसायचं कुठे ते न सुचून तो वखारनाक्यावर तसाच उभा राहिला, एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हाताचं एक बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं धरलेलं, जखम झाल्यासारखं. शेवटी पँटीच्या मागे पुसलं. मग कॉलर नाकाशी धरली. साबणाचा वास होता. पण साबणाच्या खाली...? ते आपल्याला कळत नाही. ज्याच्या अंगाला तो वास असतो त्याला सोडून सगळ्यांना कळतो. घरात वाळत घालायची दोरी एकच, एका टोकाला याचे दोन शर्ट, दुसऱ्या टोकाला आईचं लुगडं, आणि मधे वाऱ्याला कोण अडवणार?

परचुरे साहेबांची जीप अजून आली नव्हती.

आज ट्रायल होती. एका दिवसाचीच. स्टँडकडे जाणाऱ्या सगळ्या एस.टी. गाड्या आज खालून नाक्यावरून न जाता वरच्या रस्त्याने वळवल्या होत्या, आणि लाकडाच्या वखारीच्या भिंतीखाली, जिथे मासेवाल्या बायका वर्षानुवर्षं बसत आल्या, तिथे दोन डांबराच्या पिंपांना सुंभ बांधून जागा मोकळी केली होती. चुन्याची रेघ मारली होती. रेघ आनंदानेच मारली, अगदी सरळ, फूटपट्टीने मारल्यासारखी. बायका पलीकडे, रस्त्याखालच्या मोरीच्या अंगाला, उन्हात. सहा-सात पाट्या. त्यांतली शेवटची पाटी आईची होती.

तिला कळलं असेल का?

सकाळपासून हा एकच विचार. भाकरी खाताना, शर्ट घालताना, आरशात भांग पाडताना मागे ती पाटीत बर्फ भरत होती ते दिसत असताना — कळलं असेल का? मीच सांगितलं हे तिला कळलं असेल का?

समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला, वळणावर गिअर बदलून आरामात वर चढून गेला. त्याच्यामागे दोन रिक्षा, एक लूना, आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो. कुठे काही अडलं नाही. एरवी या वेळेला इथे काय असायचं! टेम्पोवाला रिक्षावाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करायचा, रिक्षावाला सायकलवाल्याच्या, आणि सायकलवाला, ज्याला खाली कोणी उरलं नाही, तो वखारीच्या भिंतीवर थुंकायचा. आज सगळे गप्प. सगळे जात होते. ओहोटीला खाडीचं पाणी निघतं तसं, आवाज न करता, एका अंगाने...

छान वाटलं. तेवढ्यात मोरीकडून शकूचा आवाज आला.

"ओ ट्रायलवाले! ऊन जरा तिकडं सरकवा की. रेघ मारा नि सांगा त्याला, हिकडं यायचं नाय म्हणून."

बायका हसल्या. शकू शेजारच्या घरातली, आईच्या पाटीशेजारी तिची पाटी, आनंदाला लहानपणी काखेत घेऊन हिंडलेली. आनंद्या म्हणायची, मेल्या म्हणायची. आज 'ओ ट्रायलवाले'. त्याने ऐकलं नाही असं केलं, शिट्टी उगाच तोंडात धरली.

आई हसली की नाही ते त्याने बघितलं नाही.

नोकरी लागली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. रहदारीच्या पाहणीचं ते तात्पुरतं ऑफिस, रेशनच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे याला घेतलं कारण परचुरे साहेबांनी विचारलं होतं, हा रस्त्यांचा नकाशा कोणी काढला, आणि हा म्हणाला मी, आणि कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, वाचून. ते त्यांना फार आवडलं. मुंबईहून त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक आणून दिलं, रस्त्यांचं, गाड्यांचं, आणि आनंदा डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचायला लागला, एका पानाला एक संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात तो साहेबांबरोबर नाक्यावरून चालत गेला तेव्हा आईने पाटीतला मासा उलटा करून बघितला. मान वर केली नाही. त्याला वाटलं, दिसलो नसेन. दुसऱ्यांदाही तसंच, तेव्हा वाटलं गिऱ्हाइकात असेल. तिसऱ्यांदा कळलं. ती ओळख देत नव्हती, साहेबांच्या समोर — आणि कळल्यावर मला काय वाटलं? वाईट वाटायला पाहिजे होतं. घरी जाऊन म्हणायला पाहिजे होतं, आये, असं काय करतेस? मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. त्यावर आम्ही दोघांनी घरात एक शब्द काढला नाही, आणि मग ते ठरल्यासारखंच झालं, आणि तिचं बघून शकूनेही ओळख द्यायची बंद केली, फक्त टोमण्यात द्यायची.

जीप आली. साहेब उतरले, आधी रस्ता बघितला — ते नेहमी आधी रस्ता बघतात, माणसं मग — आणि बघताबघता त्यांचा चेहरा उजळला.

"आनंदा! अरे, हे तर वाहायला लागलं!"

"हो साहेब."

"वर शाळेजवळ?"

"मोकळा आहे. मी मघाशी जाऊन आलो."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आनंदाला त्या हाताखाली शर्टाच्या आतला खांदा आकसलेला जाणवला. पुढे ते म्हणाले, "तुझं श्रेय आहे हे. मी वर लिहिणार आहे तसं."

माझं श्रेय. व्हय.

खोळंबा व्हायचा तो वर, शाळेच्या चढावर. रोज सकाळी. साहेबांनी तिथे माणसं उभी केली, स्वतः उभे राहिले, भर उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून. तिथे काहीच नव्हतं. दुकान नाही, थांबा नाही, खड्डा नाही. गाड्या येऊन उभ्या राहायच्या, उभ्या राहायच्या, आणि मग काही कारण नसताना चालायला लागायच्या. "इथे भूत आहे का रे?" साहेब म्हणायचे. आणि आनंदाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खाली नाक्यावर दादू ड्रायव्हरची एस.टी. थांबते, तिच्यामागे टेम्पो थांबतो, त्याच्यामागे रिक्षा, आणि ते थांबणं मागे मागे सरकत चढ चढतं, जाळ्याचा दोर या होडीतून ओढला की हिसका त्या होडीत मागाहून पोचतो तसं. शाळेपर्यंत पोचतं तेव्हा खाली दादूची गाडी निघून गेलेली असते. कारण गेलेलं आणि खोळंबा राहिलेला. साहेब खोळंब्यात उभे राहून कारण शोधत होते.

आणि दादू थांबायचा भवानीसाठी.

हे बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं? दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते कुणाच्या हातचं होतं यावर दिवस ठरतो. कुणाचा हात हलका, पाटी दुपारपर्यंत रिकामी. कुणाचा जड, संध्याकाळी मासे घरी परत. आईचा विश्वास होता तो दादू ड्रायव्हरच्या हातावर. एका वर्षी गिऱ्हाइकाने पाठ फिरवलेली, कुणाची पाटी खपेना, आणि दादूने गाडीतून हात बाहेर काढून तिच्याकडून मूठभर मांदेली घेतली, आणि त्या दिवसापासून खपायला लागलं. तेव्हापासून रोज. गाडी नाक्यावर हळू व्हायची, थांबायची; केबिनच्या खिडकीतून दादूचा केसाळ हात खाली यायचा; आई कागदात बांधलेले बांगडे वर द्यायची, पैसे घ्यायची, आधी पाटीच्या काठाला लावायची, मग डोळ्यांना, मग कपाळाला, आणि मगच पाटीवरचं ओलं गोणपाट काढायची. तोवर मागे हॉर्न. तोवर दुसरं कोणी, अगदी कोणीही आलं तरी ती म्हणायची, थांबा जरा, भवानी व्हायचीय.

हे मी सांगितलं. ऑफिसात, चहा झाल्यावर. सांगायचं होतं तेवढं तरी सांगायचं — गाडी नाक्यावर थांबते साहेब, एवढंच. पण साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं, "पण का थांबते? तिथे स्टॉप नाही," आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी उभा राहिलो. उभा राहून दाखवलं. दादूचा हात करून दाखवला. पाटी घेऊन लगबगीने जाणारी बाई करून दाखवली, कासोटा सावरत, हो, तेसुद्धा केलं. पैसे पाटीला, डोळ्यांना, कपाळाला. "आणि मागे हॉर्न वाजतायत साहेब, तर त्या म्हातारीला वाटतं, हे आपल्यासाठीच वाजवतायत, वरातीत वाजवतात तसं!" हे तर मी तिथल्या तिथे रचलं. आईला असं काही वाटत नाही. तिला हॉर्नची लाज वाटते, ती मागच्या गाड्यांना हात जोडून 'थांबा हां बाबा' म्हणते. पण साहेब हसले. चष्मा काढून डोळे पुसले. क्लार्क टेबलावर हात आपटून हसला. "भवानीचा खोळंबा!" साहेब म्हणाले, आणि मग तेच नाव पडलं, आठवडाभर ऑफिसात कोणी उशिरा आलं की 'काय, भवानी झाली का?'

म्हातारी. अजून तिचे केस काळे आहेत.

कुणी विचारलं नव्हतं की ती कोण. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. विचारलं असतं तर सांगितलं असतं. खोटं काही बोललो नाही...

वरच्या रस्त्याने एस.टी. गेली. झाडांमधून तिचं लाल टप दिसलं आणि मोरीवरच्या बायकांनी माना वर केल्या, आईनेही केली. गाडी दादूची नव्हतीच. दादूला डेपोत बोलावून समज दिली होती आणि दापोलीची गाडी दिली होती, पहाटेची. काल संध्याकाळी तो घरी आला होता सांगायला. आनंदा आत पुस्तक डोळ्यांसमोर धरून बसला होता, एकाच ओळीवर.

"आवडाबाय, उद्यापासून माझी वाट बघू नको हां."

"का रे? बदली?"

"दापोलीला टाकलं. आता तिकडं आमराईतले पोपट करतील भवानी." दादू हसला, तो कशावरही हसतो. "मला कळंना. थांबतो, एवढं कोणीपण बघेल. पण कशाला थांबतो, तेपण सायबाला ठावं! मला विचारतो, काय दादू, हात हलका आहे म्हणे तुझा? मी म्हटलं, ह्याला कुणी सांगितलं? हा तर मासे खात नाय."

बाहेर भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"जाऊ दे," आई म्हणाली. "सुके बोंबील बांधून देतंय, नेतोस? दापोलीत कोण देणार तुला?"

"आनंदा हाय का घरात?"

"वाचतोय."

वाचतोय! दादूमामाच्याच केबिनमधून मी दापोलीला गेलो होतो, विद्यापीठात कारकुनाची जागा निघाली होती तेव्हा. इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर पोतं टाकून त्याने मला बसवलं होतं, आणि वाटभर दाखवत गेला होता — तो बघ, तो ट्रक आता ब्रेक मारणार, कसं कळलं? त्याच्या पुढच्याच्या पुढे बघ, गुरं आलीत. पुढच्याकडे बघायचं नाय, पुढच्याच्या पुढे बघायचं. ती नोकरी लागली नाही. पण रस्ता बघायची नजर मला तिथून लागली, त्या केबिनमधून. साहेबांनी विचारलं कुठे शिकलास, तर मी म्हणालो, वाचून.

दादू गेल्यावर आई आत आली. त्याने पुस्तक खाली केलं नाही. आता बोलेल, आता. मान खाली घालून तो तिचे पाय बघत होता, टाचेला बर्फाच्या पाण्याने पडलेल्या भेगा...

"जेवतोस ना?" तिने विचारलं. बस्स.

तर कळलं असेल का? की माहीत असून...? की खरोखरच तिच्या डोक्यात आलं नाही, आपला मुलगा असं करील हे येतच नाही आईच्या डोक्यात?

"चल, जरा बायकांकडे जाऊन येऊ," साहेब म्हणाले.

"कशाला साहेब?" फार पटकन विचारलं गेलं.

"अरे, त्यांना उठवून बसवलंय आपण. विचारायला नको?"

साहेब वाईट नाहीत. वाईट असते तर किती बरं झालं असतं. ते पुढे चालत गेले, आनंदा मागे, दोन पावलं, मग तीन. मोरीवर ऊन रणरणत होतं. बायकांतल्या सगुणाने आपल्या पाटीवर पदर धरला होता. बाकीच्यांचे मासे उघडे, थोडंफार गिऱ्हाईक येऊन गेलेलं. एक आईची पाटी तेवढी झाकलेली, गोणपाट वाळत आलेलं, बर्फाचं पाणी पाटीखालून निघून रस्त्याच्या कडेला गेलेलं. एक बाई पिशवी घेऊन तिच्यासमोर वाकली होती.

"बांगडे दाखव गो."

"जरा थांबा हां बाय. भवानी व्हायचीय."

"मग कर की माझी भवानी!"

आई नुसती हसली. बाई पुढे शकूकडे सरकली, आणि शकूने तिला मासे घालता घालता आईला ऐकवलं, "काढ गो ते गोणपाट! मासे काय अंडी उबवतायत? दादू काय दापोलीवरनं हात लांब करणाराय?"

साहेब शकूसमोर थांबले. "काय बाई, इथे काय अडचण आहे ते सांगा. मोकळेपणाने सांगा."

"अडचन कसली सायब? आम्हीच अडचन!" शकू म्हणाली, आणि आनंदाकडे बघितलं. "नकाशात लिवलंय म्हणे."

साहेब हसले, थोडे ओशाळले. "सावली नाही, हे खरं. आपण वर छप्पर घालून देऊ. मी मागणी करीन." ते खरं बोलत होते, मागणी करतील. मग ते शेवटच्या पाटीपाशी आले. झाकलेली पाटी बघितली. आईकडे बघितलं. मग गोष्ट आठवल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि आनंदाकडे वळून, हळू, पण तितकंसं हळू नाही, म्हणाले,

"हीच का रे तुझी म्हातारी?"

मोरीवर सगळं थांबलं. निदान आनंदाला तसं वाटलं. शकूचा हात तागडीवर. त्यांना म्हणायचं होतं, तुझ्या गोष्टीतली. तुझ्या त्या नकलेतली. पण इथे 'तुझी म्हातारी' म्हणजे तुझी आई, दुसरं काही नाही. इथला प्रत्येक खलाशी दारू पिऊन आपल्या म्हातारीची आठवण काढतो. साहेबांनी एक विचारलं आणि सगळ्यांनी दुसरं ऐकलं, आणि उत्तर दोन्हीचं एकच होतं.

"हो," आनंदा म्हणाला.

खरं बोललो. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं खोटं एका शब्दात कधी बोललो नव्हतो. अजून एक वाक्य घालायचं होतं. साहेब, ही माझी आई. चार शब्द. तोंडात होते, जिभेवर होते. साहेब पुढचं बोलायला लागले, आणि माझ्या मनात काय आलं — की आता सांगितलं तर साहेबांना वाईट वाटेल, त्यांना ओशाळं होईल. त्यांना!

"भवानी राहिलीय का तुमची?" साहेब आईला विचारत होते, आपल्याला हा शब्द येतो याचा त्यांना आनंद झाला होता. "मी केली असती हो, पण आम्ही खात नाही. आनंदा, तू घे! तू खातोस ना? घे ना, आज तुझ्या हातची भवानी होऊ दे."

आनंदाने आईकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा.

घरच्या माणसाची भवानी घेत नाहीत. हे काही कुणी शिकवत नाही, असतंच ते. नवऱ्याची, मुलाची, सुनेची, एका चुलीवर जेवणाऱ्या कुणाचीच नाही. घरचा हात लागत नाही, घरचा पैसा फिरून घरातच येतो, त्याने दिवस उघडत नाही. लहानपणी त्याने एकदा गंमत म्हणून पैसे पुढे केले होते तर तिने हातावर चापट मारली होती. आता ती काहीतरी म्हणेल. आता तिला म्हणावंच लागेल — नको सायब, तो माझा... आणि मग होऊन जाईल सगळं, तिच्या तोंडून होऊन जाईल, मला काही करावं लागणार नाही. तो वाट बघत उभा राहिला. खरं म्हणजे त्याने देवाकडे मागितलंच ते.

आईने गोणपाटाची कड उचलली. आत हात घालून बांगडे काढले, चांगले, मोठे, एकेकाचे कल्ले बघून. कागदात गुंडाळले. कागद त्याच्यापुढे धरला आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"घ्या सायब. ताजे हायत."

घ्या.

आवाजात राग नव्हता. तो राग शोधत होता, सापडला नाही. टोमणा नव्हता, शकूचा असतो तसा. गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज होता, थोडा गोड, थोडा थकलेला, हजारो लोकांशी बोलून गुळगुळीत झालेला. त्याने खिशातून नोट काढली, दिली. तिने ती पाटीच्या काठाला लावली. डोळ्यांना लावली. कपाळाला लावून क्षणभर तशीच धरली, दादूच्या पैशाला धरायची तशी. त्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही. नोट मोडून उरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले; तिची बोटं गार होती.

सगुणाने तोंड फिरवलं. शकूसुद्धा काही बोलली नाही, आणि शकू गप्प बसली तेव्हा आनंदाला कळलं की जे झालं ते सगळ्यांना दिसलं. साहेबांना सोडून.

"वा!" साहेब म्हणाले. "झालं की काम! जीपमध्ये मात्र आणू नकोस हं ते." आणि चढाकडे निघाले, मागे हात बांधून, मोकळ्या रस्त्याच्या मधोमध.

आनंदा नाक्यावर परत आला. कागद ओला होऊन हाताला लागत होता. ठेवायचा कुठे? पिंपावर ठेवला. मग उन्हात नको म्हणून पिंपाच्या सावलीत ठेवला. ज्या घरातून हे मासे सकाळी निघाले त्याच घरात संध्याकाळी न्यायचे... नेले तर ती काय म्हणेल? 'आणलेस' म्हणेल की 'आणलेत'? वेड्यासारखं काहीतरी. ती 'जेवतोस ना' म्हणेल, 'तू'च म्हणेल, घरात 'तू'च म्हणेल, हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्याचाच आता धसका बसला होता. कालपर्यंत वाटत होतं, तिला कळलं तर? आता तो प्रश्न गेला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं मन मधूनमधून तिथे जात होतं, पण तिथे काही नव्हतं. तिला कळलंय. कधीपासून ते माहीत नाही. कळलंय आणि ती बोलणार नाही, आज नाही, पुढच्या पावसाळ्यात नाही, मरेपर्यंत नाही. एकदा म्हण ना, मेल्या. शकूसारखं चारचौघांत म्हण. हातावर चापट मार...

किंवा तिने मला सांभाळून घेतलं. तेही असेल. साहेबांसमोर उघडं पाडलं नाही, इतकंच. रोज ओळख देत नाही तशीच आजही दिली नाही, आणि भवानी बुडाली तर बुडाली म्हणून माझा पैसा कपाळाला लावला. माझ्यासाठी खोटी भवानी केली. असं असेल तर ती भवानी लागणार नाही. घरचा हात लागतच नाही. मग तिचे मासे आज राहतील, उन्हात, त्या वाळलेल्या गोणपाटाखाली...

आणि खपले तर?

हे मनात आलं आणि तो शिट्टी तोंडात धरूनच थांबला. खपले तर माझा हात लागला. लागला म्हणजे तो घरचा नाही.

मागून, मोरीकडून, आईची हाक आली. "बांगडे, ताजे बांगडे, या हो या!" भवानी झाल्यावरची तिची हाक, लांब, वर चढत जाणारी, लहानपणी शाळेत वर्गात बसून ऐकू यायची आणि तो मान खाली घालायचा. कोणीतरी थांबलं असावं. बाईचा आवाज, भाव विचारणारा. मग दुसरा. तागडी खडखडली.

न खपोत. एकच राहू दे, दोन राहू देत, संध्याकाळी पाटी घेऊन परत येऊ दे... हे मी मागतोय? माझ्या आईचे मासे कुजू देत म्हणून मागतोय, भर रस्त्यात उभं राहून? त्याने ते मागे घेतलं. खपू देत, सगळे खपू देत. तेही म्हणवेना.

चढावरून साहेबांनी हात हलवला: वर सगळं मोकळं. आनंदाने हात वर करून उत्तर दिलं. समोरून पेट्यांचा टेम्पो आला, रिक्षा आली, सायकलवाला गाणं म्हणत गेला, कोणी कोणाला अडवलं नाही, आणि तो मोरीकडे पाठ करून उभा होता, एकेका गाडीचा आवाज जाईपर्यंत थांबून त्यातून तागडीचा आवाज ऐकत, आणि काय ऐकू आलं तर बरं वाटेल ते त्याला ठरवता येत नव्हतं.